ताडोबाची सहल : आधी गेट, मग गाडी

(सारसोळे, नवी मुंबई येथे शेतकरी व मच्छीमार बांधवांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपण खतांविषयी किंवा बियाण्यांविषयी बोलणार नाही. भाताची मळणी उरकली की ताडोबा राष्ट्रीय उद्यान पाहायला जायचे, असे आपल्या मंडळाने ठरविले आहे आणि त्याची व्यवस्था कशी करावी हे सांगण्याकरिता मला येथे बोलावले आहे. विषय सहलीचा असला तरी तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. डझनभर घरांचे पैसे एकत्र जमा होणार, गोठ्यातील जनावरे दुसऱ्याच्या हाती सोपवावी लागणार आणि वयस्कर माणसे आठ-नऊशे किलोमीटर दूर नेऊन सुखरूप परत आणावी लागणार. आखणी फसली तर जंगलाच्या दारावरून परत यावे लागते, आणि भरलेले पैसे बहुधा मिळत नाहीत.

प्रथम ताडोबाची थोडी ओळख करून घेऊ. हे महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान. ते चंद्रपूर जिल्ह्यात असून १९५५ साली जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ११६ चौरस किलोमीटर आहे. १९८६ साली त्याला लागून अंधारी अभयारण्य झाले आणि पुढे दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प बनला. या दोहोंचे मिळून सुमारे ६२५ चौरस किलोमीटर म्हणजे गाभा क्षेत्र. तिकडे सगळे त्याला ‘कोअर’ म्हणतात. त्याभोवती सुमारे अकराशे चौरस किलोमीटरचा ‘बफर’ आहे. बफरमध्ये गावे आहेत, भाताची खाचरे आहेत, गुरे चरतात, आणि वाघही फिरतो. हे नीट लक्षात ठेवावे, कारण आपण मुक्काम करणार तो याच बफरच्या गावांत.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे सहल ठरली की पहिल्यांदा कोणी तरी रेल्वेची तिकिटे काढतो, मग खोल्या पाहतो आणि सर्वांत शेवटी जंगलाच्या प्रवेशाचे बघतो. ताडोब्याला हा क्रम उलटा लागतो. आत किती गाड्या सोडायच्या हे प्रत्येक गेटवर ठरलेले आहे. ती संख्या भरली की संपले. रेल्वेत जागा नसेल तर एसटी आहे, खासगी गाडी आहे, तत्काळ तिकीट आहे. गेटवर जागा नसेल तर दुसरा इलाज नाही. म्हणून आधी गेट, मग खोली आणि मग गाडी.

गेट म्हणजे एकच दरवाजा नव्हे. कोअरमध्ये जाण्याकरिता मोहर्ली, कोलारा, नवेगाव, खुटवंडा, पांगडी आणि झरी अशी गेटे आहेत. मोहर्ली दक्षिणेकडे, चंद्रपूरहून सुमारे ३० किलोमीटरवर. कोलारा आणि नवेगाव उत्तरेकडे, चिमूरच्या बाजूला. नकाशावर ती एकाच जंगलाची दारे दिसतात, पण एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचे तर जंगलाबाहेरून मोठा वळसा पडतो. खोली मोहर्लीला आणि प्रवेश कोलाऱ्याचा असा घोळ झाला, तर पहाटे अंधारात निघूनही सूर्योदयाची वेळ गाठता येत नाही, आणि उशिरा आलेल्यांसाठी गेट थांबत नाही. मुंबईत बसून दूरध्वनीवर खोली ठरविणाऱ्यांच्या हातून हा घोळ पुष्कळदा होतो. तेव्हा खोली ठरविताना एकच प्रश्न विचारावा : आमच्या गेटपासून किती अंतर?

आपल्यासाठी कोणते गेट सोयीचे? माझे मत कोलाऱ्याच्या बाजूने आहे. आपण नागपूरला उतरणार. तेथून उमरेड, भिसी, चिमूर या मार्गाने कोलारा शंभर-सव्वाशे किलोमीटर पडते. मोहर्लीला जायचे तर नागपूर ते चंद्रपूर दीडशे किलोमीटर आणि पुढे आणखी ३०. मोहर्लीला सोयी अधिक आहेत, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थानही तेथे आहे. ज्यांना वाटेत वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांचे आनंदवन पाहायचे असेल त्यांनी मोहर्ली घ्यावे. पण आपल्याला परतताना भाताचा भाग पाहायचा आहे. त्याविषयी पुढे सांगतो. त्याला कोलारा जवळचे.

गेटचे आरक्षण व्याघ्र प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावर होते. आपल्या मुलांपैकी कोणी तरी हे काम करील, परंतु काय भरायचे ते मोठ्यांनी पाहून द्यावे. प्रत्येकाचे नाव, वय आणि ओळखपत्राचा क्रमांक लागतो. गेटवर तेच मूळ ओळखपत्र दाखवावे लागते. आधारवर ‘पांडुरंग’ आणि यादीत ‘बाळूशेठ’ असे चालत नाही. एकदा नाव गेले की बदलून मिळत नाही असेच धरून चालावे. ‘मी येत नाही, माझ्या जागी मेहुण्याला न्या’ हे लग्नाच्या वऱ्हाडात चालते, येथे नाही. जास्त पैसे घेऊन आयत्या वेळी प्रवेश मिळवून देतो, किंवा वाघ नक्की दाखवितो, असे सांगणारा भेटला तर त्याच्यापासून दूर राहावे. जंगलातला वाघ कोणाच्या शब्दावर रस्त्यावर येत नाही.

आता माणसांची संख्या. आत फिरण्याकरिता उघडी जिप्सी गाडी असते. तीत चालक आणि गाईड यांच्याखेरीज ६ प्रवासी बसतात. गाडीचे भाडे आणि गाईडचे मानधन गाडीमागे असते. माणसे १३ झाली तर तेराव्यासाठी तिसरी गाडी घ्यावी लागते आणि तिचा सगळा बोजा सर्वांवर पडतो. यास्तव संख्या सहाच्या पटीत ठेवावी : ६, १२ किंवा १८. माझ्या मते १२ ही संख्या उत्तम. दोन जिप्सी आणि नागपूरहून पुढे एक टेम्पो ट्रॅव्हलर एवढ्यात काम भागते, आणि बारा माणसांचे एकमत करणे तितकेसे कठीण नाही. वर्गणी घेताना सफारी, खोली, भाडोत्री गाडी असा एकूण खर्च काढून बाराने भागावा. रेल्वेचे तिकीट ज्याचे त्याने द्यावे, कारण कोणाला वातानुकूलित डबा हवा असतो, कोणाला साधा. सगळे पैसे आरक्षणापूर्वी जमा झाले पाहिजेत. ‘पुढच्या महिन्यात देतो’ म्हणणाऱ्याचे नाव यादीत घालू नये. कितीही जवळचा असला तरी.

दिवस निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. कोअर क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर या पावसाळ्यात बंद असते. इतर महिन्यांत दर मंगळवारी बंद असते. शनिवार-रविवारी दर अधिक आणि गर्दीही अधिक. शेतकऱ्याला रविवारचे काही अप्रूप नाही, तेव्हा आपण बुधवार-गुरुवार धरावा. पैसे वाचतात आणि गेटवर जागाही मिळते. दिवाळीची सुटी आणि नाताळचा आठवडा टाळावा. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते. त्या दिवसांत मुंबई-नागपूर गाड्या भरून जातात आणि नागपुरात खोली मिळणे कठीण होते.

वाघ दिसण्याच्या दृष्टीने मार्च ते मे हा काळ चांगला. गवत वाळलेले असते, पाणवठे आटतात आणि जनावरे उरलेल्या पाण्यावर येतात. परंतु चंद्रपूरचा उन्हाळा म्हणजे पारा ४५ अंशांच्या पुढे. खाडीच्या दमट हवेत वाढलेल्या माणसाला ती कोरडी झळ सोसत नाही. घाम येतो आणि लगेच सुकतो, म्हणून तो आल्याचे कळत नाही आणि अंगातले पाणी कमी होते. तरुणांनी मे महिन्यात अवश्य जावे. साठीच्या पुढच्या माणसांना मी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ सांगेन. तेव्हा गवत उंच असते, वाघ दिसण्याची शक्यता थोडी कमी, हे मान्य करूनच निघावे.

आपल्या शेतीचा हंगाम यात कसा बसवायचा? तुमच्यापैकी ज्यांची भातशेती पनवेल, कर्जत, पेणकडे आहे त्यांची कापणी, झोडणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरकते. त्यानंतर ओलीवर वाल पेरून झाला की हात मोकळे होतात. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा त्यांना सोयीचा. ज्यांची आंब्याची बाग आहे त्यांना मात्र मोहोराकडे पाहावे लागेल. मोहोर संरक्षणाच्या वेळापत्रकात दोन फवारण्यांमध्ये साधारण पंधरवड्याचे अंतर असते. एक फवारणी आटोपून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निघावे, म्हणजे परत येऊन पुढच्या फवारणीला आठवडा हाती राहतो. अलिबागकडे पांढरा कांदा करणाऱ्यांनी लागवडीनंतरची पहिली पाणी पाळी झाल्याशिवाय निघू नये. कोळी बांधवांना १ जूनपासून यांत्रिक नौकांच्या बंदीमुळे सवड असते, पण जूनमध्ये शेतकऱ्यांची पेरणी चालू असते आणि तिकडे पाऊसही सुरू होतो. तेव्हा सगळ्यांनी मिळून जायचे तर नोव्हेंबरच बरा. होडीवाल्यांनी भांगेचे दिवस पाहून तारीख सुचवावी, ते मला सांगण्याची गरज नाही.

गोठ्याविषयी जरा सविस्तर बोलतो, कारण सहलीत खरे नुकसान येथे होते. दुभत्या जनावराला हाताची सवय असते. अनोळखी माणूस एकदम बसला तर गाय पान्हा चोरते, म्हैस तर हमखास. आचळात दूध राहून गेले तर कासदाह होण्याची भीती असते. ज्याच्यावर काम सोपविणार त्याला निघण्यापूर्वी आठ-दहा दिवस रोज धारेला बोलवावे. पहिले काही दिवस तुम्ही शेजारी उभे राहा, नंतर उभेही राहू नका. पेंड, चारा आणि पाण्याचे प्रमाण तेच ठेवावे. पाच दिवसांची पेंड वेगळी मोजून ठेवली म्हणजे कमी-जास्त होत नाही. एखादे जनावर पंधरवड्याच्या आत विणार असेल तर त्या घरातील कर्त्या माणसाने सहल पुढे ढकलावी. पशुवैद्यकाचा दूरध्वनी क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा. पंपाचा स्टार्टर कसा चालू-बंद करायचा, फ्यूज गेला तर काय करायचे, कोणत्या वाफ्याला कोणत्या दिवशी पाणी, हे तोंडी सांगून भागत नाही. कागदावर लिहून द्यावे. कोंबड्यांची खुराडी संध्याकाळी कोण बंद करणार हेही त्यात असावे.

आता प्रवास. सारसोळ्याहून नेरूळ स्थानक जवळ. तेथून ट्रान्स हार्बरची लोकल थेट ठाण्याला जाते. नागपूरच्या गाड्या ठाण्याला किंवा कल्याणला पकडता येतात. सामान घेऊन छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत जाण्याचे कारण नाही, मात्र निवडलेली गाडी ठाण्याला थांबते ना हे पाहून चढण्याचे स्थानक तेच लिहावे. मुंबई-नागपूर हा रेल्वेमार्ग सुमारे ८३७ किलोमीटरचा आहे. संध्याकाळी-रात्री निघणाऱ्या गाडीने गेले की रात्र झोपेत जाते. रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते. तेव्हा गेटचे आरक्षण झाले की रेल्वेची तारीख मोजून ठेवावी आणि त्या दिवशी सकाळीच काम उरकावे. ज्येष्ठ नागरिकांना रेल्वेत पूर्वी मिळणारी सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. अंदाजपत्रक करताना जुना हिशेब धरू नये.

एसटीचा विचार करणाऱ्यांसाठी सांगतो : राज्यात एसटीने प्रवास करताना ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून मोफत आणि महिलांना मार्च २०२३ पासून निम्म्या भाड्यात प्रवास आहे. मुंबई ते नागपूर बसून जाणे वयस्करांना झेपणार नाही, पण नागपूर ते चिमूर या टप्प्याला एसटी चांगली. चिमूरहून पुढे स्थानिक गाडी ठरवावी.

काही जण म्हणतील की समृद्धी महामार्ग झाला, आपल्याच गाडीने जाऊ. हा ७०१ किलोमीटरचा रस्ता ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला, आणि भिवंडीजवळच्या आमण्यापासून नागपूरपर्यंत गाडी विनाअडथळा जाते. पण सरळ आणि एकसारखा रस्ता चालकाला गुंगी आणतो. चालक दोन असावेत, दर दोन तासांनी गाडी थांबवावी, टायर जुने असतील तर निघूच नये. रात्रीची झोप मोडून कोणी ‘सकाळी आठला नागपूर’ असा हट्ट धरू नये. बारा जणांसाठी माझी पसंती रेल्वेलाच आहे.

पहिल्या दिवशी दुपारची सफारी घेण्याचा मोह टाळावा. गाडी दोन-तीन तास उशिरा पोहोचणे ही काही नवलाची गोष्ट नाही, आणि दुपारची सफारी चुकली की बारा माणसांचे पैसे बुडाले. पहिला दिवस कोलाऱ्याला पोहोचून विश्रांतीचा ठेवावा. दुसऱ्या दिवशी पहाटेची कोअरची सफारी. दुपारी विश्रांती, किंवा हौस असेल तर बफरची फेरी. तिसऱ्या दिवशी पुन्हा पहाटेची सफारी. दोन सकाळी तरी हव्यातच. एकच फेरी ठेवली आणि ती कोरडी गेली तर माणसे वर्षभर कुरकुरतात.

पहाटेच्या उघड्या जिप्सीत नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये थंडी बोचरी असते. आपल्या घरात स्वेटर असतोच असे नाही. घोंगडी, मफलर, कानटोपी जे असेल ते न्यावे. आठ वाजले की तेच ऊन अंगावर येते, म्हणून एकावर एक कपडे घालावेत. लाल, पिवळे, पांढरे कपडे नकोत. मोबाईल कोअरमध्ये नेऊ देत नाहीत, तो खोलीवर ठेवूनच निघावे. गाडीतून मध्येच उतरता येत नाही, ठरलेल्या ठिकाणीच उतरतात. मधुमेहाच्या माणसांनी चहा-पाण्याचा हिशेब आधीच करावा. रस्ते कच्चे आहेत, गाडी हादरते. पाठीचे दुखणे असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी जिप्सीत बसू नये. रक्तदाबाच्या गोळ्या पाच दिवसांच्या मोजून न घेता आठ दिवसांच्या घ्याव्यात. उपचाराची वेळ आली तर चिमूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. आणि भगिनींना एक विनंती. चार दिवस मासळीवाचून कसे जेवायचे म्हणून सोडे, सुकट बांधून घ्याल, तर ती खोलीवर ठेवा, जिप्सीत नको. तिकडे तलावातला रोहू, कटला मिळतो. त्याची चव आपल्या खाडीच्या मासळीची नाही, पण भूक भागते.

गाईड आणि जिप्सीवाले हे बफरमधील गावांचेच तरुण असतात, काही गेटांवर महिला गाईडही आहेत. त्यांच्याशी सरळ वागावे आणि ‘गाडी अजून पुढे घ्या’ असा धोशा लावू नये. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगाव येथे एक वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडविले. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. कारवाई झाली ती चालकांवर आणि गाईडांवर. आग्रह धरणारे पर्यटक घरी निघून जातात, रोजी जाते ती गावातल्या पोराची.

वाघ दिसो न दिसो, दोन-तीन गोष्टी मुद्दाम पाहाव्यात. ताडोबा तलावाच्या काठी तारूचे ठाणे आहे. तारू हा गावचा प्रमुख, वाघाशी झुंजताना मारला गेला आणि देव झाला, अशी तेथील आदिवासींची श्रद्धा आहे. त्याच्याच नावावरून ताडोबा हे नाव आले असे सांगतात. पौषात तेथे जत्रा भरते. दुसरे म्हणजे गावे उठलेल्या जागा. जामणी, नवेगाव अशी काही गावे जंगलातून उठून बाहेर वसविली गेली. जिथे त्यांची शेते होती तेथे आता गवताळ माळ आहे आणि चितळांचे कळप चरतात. गाईडला विचारले तर तो गावठाणाची जागा, विहीर दाखवतो. सारसोळ्याच्या माणसांना हे वेगळे समजावून सांगायला नको. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि आपल्या भागातील शेते, मिठागरे सेक्टरांत गेली. आपल्या शेतावर इमारती आल्या, त्यांच्या शेतावर गवत आले. मुक्कामाच्या गावी उठून आलेले एखादे घर भेटले तर त्यांच्याशी बसून बोलावे. मोबदला काय मिळाला, नवी जमीन कशी आहे, पोरे काय करतात, हे प्रश्न आपल्याइतके नेमके दुसरा पर्यटक विचारू शकणार नाही.

बफरमधील शेतकऱ्याची रात्र कशी जाते तेही पाहावे. भात पोटरीत आल्यापासून कापणीपर्यंत रानडुकरे आणि चितळ यांच्यापासून राखण करावी लागते, आणि राखणीला बसलेल्या माणसाच्या पाठीमागे जंगल असते. एप्रिल-मेमध्ये मोहफुले आणि तेंदूपाने वेचायला पहाटे गेलेल्या माणसांवर हल्ले होतात. काही गावांत सौर कुंपणे बसविलेली आहेत. त्यांचा खर्च किती, गवत लागून प्रवाह उतरू नये म्हणून साफसफाई कोण करतो, डुकरे त्यातूनही शिरतात का, हे विचारून घ्यावे. रायगडात डुकरांचा आणि वानरांचा उपद्रव आपल्यालाही आहेच. संध्याकाळ झाल्यावर मात्र गावाबाहेर फिरायला जाऊ नये, शौचालाही उघड्यावर जाऊ नये. तेथील माणसे जे पाळतात ते पाहुण्यांनी अधिकच पाळावे.

तिसऱ्या दिवशी दुपारी चिमूरमार्गे नागभीड, सिंदेवाहीकडे निघावे. भात पिकविणाऱ्याने हा भाग न पाहता परतणे मला पटत नाही. पूर्व विदर्भात जुन्या मालगुजारांच्या काळातील तलाव आहेत, त्यांना तिकडे ‘मामा तलाव’ म्हणतात. पावसाचे पाणी तलावात अडवून त्यावर धान पिकविण्याची ती व्यवस्था आहे. आपल्याकडे त्याहून कितीतरी अधिक पाऊस पडतो आणि जानेवारीत विहिरी खालावतात, हे तेथे उभे राहिले की जास्तच जाणवते. सिंदेवाहीला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे विभागीय कृषी संशोधन केंद्र आणि कृषी विज्ञान केंद्र आहे. भाताच्या वाणांवर तेथे काम चालते. महिनाभर आधी पत्र लिहून तारीख, वेळ आणि संख्या कळवावी, सुटीचा दिवस टाळावा, म्हणजे शास्त्रज्ञ प्रक्षेत्रावर भेटतात.

नागभीड तालुक्यातील नांदेड हे दादाजी खोब्रागडे यांचे गाव. मराठवाड्यातील नांदेड नव्हे, हे चालकाला नीट सांगावे. दादाजी अल्पभूधारक होते. १९८३ च्या सुमारास ‘पटेल ३’ या भाताच्या शेतात त्यांना वेगळ्या दिसणाऱ्या काही लोंब्या आढळल्या. त्यांनी त्या बाजूला काढून दरवर्षी निवड करीत वाण तयार केला. मनगटी घड्याळाच्या नावावरून त्याला ‘एचएमटी’ हे नाव पडले. बारीक दाण्याचा हा तांदूळ पुढे अनेक राज्यांत पसरला. २००५ साली राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. २०१८ साली ते वारले, आणि शेवटपर्यंत पैशाची ओढाताण त्यांना सुटली नाही. मुंबईच्या बाजारात आपण जो एचएमटी तांदूळ विकत घेतो त्याचे मूळ शेत येथे आहे. चौथ्या दिवशी सकाळी हे पाहून भिवापूर, उमरेडमार्गे संध्याकाळपर्यंत नागपूर गाठता येते. रात्रीची गाडी पकडली की पाचव्या दिवशी दुपारपर्यंत घरी. परतीच्या गाडीपूर्वी नागपुरात दोन-तीन तास हाताशी ठेवावेत.

ज्यांना गोठ्यामुळे पाच दिवस निघणे शक्यच नाही त्यांनी हिरमुसू नये. एका दिवसात होणारे राष्ट्रीय उद्यान आपल्या दाराशी आहे : बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. सकाळची धार काढून नेरूळहून निघावे, कुर्ल्याला आणि मग दादरला गाडी बदलून बोरिवली. पूर्वेला उतरल्यावर उद्यान जवळ आहे. आतील कान्हेरी लेणी अवश्य पाहावीत. शंभराहून अधिक लेणी खोदताना त्या काळच्या भिक्षूंनी पावसाचे पाणी टाक्यांत कसे उतरवून घेतले आहे, ते पन्हळी हाताने तपासून पाहण्यासारखे आहे. त्याहून जवळ म्हणजे पनवेलपासून १२ किलोमीटरवरचे कर्नाळा पक्षी अभयारण्य. संध्याकाळच्या धारेला दोन्हीकडून परत येता येते. बोरिवलीचे उद्यान सोमवारी बंद असते, ताडोबा मंगळवारी. दोहोंची गल्लत करू नये.

आता यादीकडे वळू. आज आपल्यापैकी १६ जणांनी हात वर केले आहेत. म्हणजे एकतर चौघांनी थांबावे किंवा आणखी दोघे शोधून १८ करावेत. घरी जाऊन गोठा, बाग आणि खिसा पाहून ठरवा. येत्या रविवारपर्यंत पैसे आणि आधारची प्रत ज्यांची येईल त्यांचीच नावे घालून सोमवारी गेटची तारीख पाहू.